एकतर्फी कौल

गंगावेस, कोल्हापूर
२५ नोव्हेंबर १९७७

कृष्णाता,

आणि वर तोंड करून म्हणती कशी, "आत्ती, ह्यात राग येण्यासारखं काय हाय? ह्या घरापुरतं राज्य म्हंजे तूच." तुझ्या पोरीला मी दोन वर्सं घरात ठेवून घेतली, कॉलेजला घातली, सकाळचं पयलं दूध तिच्या वाटीत वतलं, आणि मी राज्य. तेबी कसलं राज्य, तर जे लोकांवर जुलूम करतं म्हणून त्याला आवरायला पुस्तकात कलमं लिवलीत तसलं. मला बोट ठेवून दाखवलं, कलम बारा. मी चौथीपर्यंतच शिकलेली असले तरी मला वाचता येतं. त्यात माझं नाव कुठंच न्हाई, हे मी तिला तिथल्या तिथं सांगितलं. तर म्हणली, त्यात नाव कुणाचंच नसतंय.

इस्कटून सांगते, न्हाईतर तू नेहमीगत अर्धं वाचून पत्र खुंटीला अडकवशील. शालनच्या कॉलेजात निबंधाची स्पर्धा लागलीय. विषय मूलभूत हक्क. मी विचारलं, हाच विषय कशाला? तर आणीबाणीत हे हक्क बंद होते, ते आता परत चालू झालेत, म्हणून. म्हंजे आमच्या गल्लीतल्या नळागत. बरं, लिही म्हणलं. चार पानं लिवून मोकळी होईल असं मला वाटलं. पण त्यांचे ते देशिंगकर सर हायत, त्यांनी सांगितलंय, पुस्तकातलं उतरून आणू नका, आपल्या आजूबाजूला बघा आणि तिथली उदाहरणं आणा. आता तिच्या आजूबाजूला कोण हाय? मी हाय, तुझे दाजी हायत आणि दोन म्हशी हायत.

तवापासनं ती वही घेऊन माझ्या मागनं फिरती. मी कुणाला काय बोलले की लिवती. आणि तिचं बघून दाजींना बी चळ लागलाय. परवा दुधावरची साय कुणी खाल्ली म्हणून विचारलं. मिशीला साय लागलेली, आणि माणूस म्हणतो, "कलम वीस. मला माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत न्हाई." ज्या माणसाला तीस वर्सांत माझ्यापुढं एक वाक्य पुरं करता आलं न्हाई त्यानं अख्खं कलम सांगितलं. मी त्यांचा च्या बंद केला. मग जेवायला बी वाढंना, तर आतनं शालन म्हणली, "एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा न्हाई." वाढलं मी. काय करणार.

तालमीतली त्यांची म्हातारी मंडळी आमच्या दारातल्या दगडावर बसून पान कुटत्यात, त्यांना उठवायला गेले तर शांततेनं आणि बिनहत्यारी जमायचा हक्क हाय म्हणं, कलम एकोणीस. एकाच्या हातात आडकित्ता होता. मी म्हणलं, हे हत्यार न्हाई तर काय? त्यावर दीड तास वाद झाला आणि शालन मधी बसून दोन्ही बाजू लिवून घेत हुती. तेवढ्यात म्हशी कट्ट्यावर न्यायची येळ टळली. तुला ठाव हाय, गंगावेशीत गिऱ्हाईक गिलास घेऊन म्हशीच्या बाजूला उभं ऱ्हातं, समोर धार काढून दिली की तिथंच पितं आणि जातं. ते काय कलम संपायची वाट बघत न्हाई.

आणि काल तर हद्द झाली. शेण काढ म्हणलं तर म्हणती, "कलम तेवीस, वेठबिगार." मी म्हणलं, मग म्हशीचं कलम कुठलं ते सांग. पुस्तक चाळून म्हणली, दुभत्या जनावरांचं एक हाय, पण ते हक्कात न्हाई, मार्गदर्शक तत्त्वांत हाय, त्यासाठी कोर्टात जाता येत न्हाई. म्हंजे ह्या घरात ज्यांना कोर्टात जाता येत न्हाई अशा तिघी, दोन म्हशी आणि मी. राज्याला हक्क नसत्यात म्हणं. राज्यानं नुसतं ऐकून घ्यायचं असतं.

निबंध पयला आला तर सव्वीस जानेवारीला कॉलेजच्या हॉलात वाचून दाखवणार हायत. त्यात माझे जुलूम आकडे घालून लिवलेत. गंगावेस निम्मी तिथं असंल. माझ्यानं आता ही पोर सांभाळवत न्हाई. तू बाप हायस. एकतर तिला ताकीद दे, न्हाईतर येऊन घेऊन जा.

उलट टपाली कळव.

तुझी आक्का,
बयाबाई

—

१ डिसेंबर १९७७

तीर्थरूप आक्कास कृष्णातचा साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पोचले. या खेपेस पूर्ण वाचले व खुंटीला अडकवले नाही. तुला झालेला त्रास वाचून वाईट वाटले. मुलीच्या तोंडी एकदा हक्क हा शब्द आला की पुढे काय काय येते हे मी ग्रामपंचायतीत तीन वर्षे बसून ऐकलेले आहे. तरी तू काळजी करू नये. तू लिहिलेस की घेऊन जा. तुझा शब्द मी खाली पडू देणार नाही.

योग असा की शालनला स्थळ आले आहे. मुलगा वसंत, राधानगरीला धरणाच्या ऑफिसात कारकून आहे. घराणे चांगले, मुलगा सुपारीसुद्धा खात नाही. मी मनात म्हणालो, आपण ठरवण्यापेक्षा गावदेवीला विचारावे. परवा मंगळवारी कौल लावला. ज्ञानू गुरवाने रीतीप्रमाणे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही, हे तू लहानपणापासून बघितलेले आहेस. गाऱ्हाणे पुरे व्हायच्या आत उजवी पडली. गुरव म्हणाला, इतका झटपट कौल त्याने बापाच्या काळातही पाहिला नव्हता.

पौष लागायच्या आत उरकायचे असे पावण्यांचे म्हणणे पडले. ८ जानेवारीचा मुहूर्त धरला आहे. ११ डिसेंबरला रविवारी सकाळच्या एस्टीने मी येतो आणि शालनला घेऊन जातो. पुढच्या शिक्षणाचे सासरची माणसे बघतील. तिला मी वेगळे लिहीत नाही, तूच सांग. तुझ्या डोक्याचा ताप एकदाचा गेला म्हणून समज.

दाजींना नमस्कार. सायीचे वाचून हसू आले.

तुझा,
कृष्णात

—

गंगावेस, कोल्हापूर
५ डिसेंबर १९७७

कृष्णाता,

घेऊन जा म्हणलं म्हंजे घेऊन जा म्हणलं का? तीस वर्सं मी तुझ्या दाजींना 'जावा आता तुमच्या गावाला' म्हणतेय. गेलेत का कधी? त्या माणसाला जे कळतं ते तुला कळंना.

तुझं पत्र मी शालनला वाचून दाखवलं. मला वाटलं वही आपटंल, भांडंल. न रडली न वरडली. उठली, गोठ्यात गेली, सगळं शेण काढलं, शेणी थापल्या, हात धुऊन आत आली. कलम तेवीस म्हणली न्हाई. मी मुद्दाम तिला दोनदा उगीच बोलले. वही उघडली न्हाई. दाजींनी तिच्यादेखत साय खाल्ली, मी त्यांना दोन येळा शिक्षा केली, तरी आतनं आवाज न्हाई. दाजी बिचारे तिच्याकडं बघत बसले. तालमीतली म्हातारी आली हुती, ती बी आपलं आपण उठून गेली. कृष्णाता, मला ह्या घरात कुणी उलट बोलंना झालंय. असं घर मला तीस वर्सं पायजे हुतं, आणि आता चार दिवस झाले तर मला अन्न गोड लागंना.

शेवटी मीच म्हणलं, अगं, तुझ्या पुस्तकात एवढी कलमं हायत, एखादं तुझ्या बापावर घाल की. तर म्हणली, "आत्ती, मी तेच शोधत हुते. हे हक्क राज्याविरुद्ध असत्यात. आबा राज्य न्हाईत. देवी तर न्हाईच. उलट आबांना कौल लावायचा हक्क कलम पंचवीसनं हाय." मी म्हणलं, म्हंजे तुझे सगळे हक्क फकस्त माझ्याविरुद्ध? तर म्हणली, "व्हय." आणि हसली. ते हसणं मला बघवलं न्हाई.

ह्याचा अर्थ तुझ्या टाळक्यात शिरतोय का? तुझ्या पोरीला जेवढे म्हणून हक्क हायत ते माझ्या उंबऱ्याच्या आत हायत. तुझ्याबरोबर एस्टीत पाय ठेवला की संपलं. मी दोन दिवस ह्याचा विचार केला, धारा काढताना केला, गिऱ्हाइकाला गिलास देताना केला, आणि माझं ठरलं. मी राज्य तर राज्य.

आता राज्य तुला विचारतंय. देवीपुढं काय गाऱ्हाणं घातलंस ते शब्द न शब्द लिवून कळव. देशिंगकर सरांनी पोरांना शिकवलंय, दुसऱ्या बाजूचं ऐकल्याबिगर निकाल द्यायचा नसतो, दिला तर तो टिकत न्हाई. देवीपुढं पोरगी हुती का? न्हाई. तिच्या बाजूनं कोण बोललं? कुणी न्हाई. म्हंजे कौल एकतर्फी झाला. मी देवीला दोष देत न्हाई. तिच्यापुढं जेवढं आलं त्यावर तिनं निकाल दिला. दोष तुझा हाय.

तवर अकरा तारखेला येऊ नको. आलास तर च्या मिळंल, पोरगी मिळायची न्हाई.

बयाबाई,
राज्य, गंगावेस

—

९ डिसेंबर १९७७

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

तुझे पत्र आले तेव्हा मी चावडीत होतो आणि चष्मा घरी राहिला होता, म्हणून पोस्टमनकडून वाचून घेतले. त्यामुळे माझ्या बहिणीने गावदेवीचा निकाल रद्द धरला हे मला आणि सगळ्या गावाला एकाच वेळी समजले. म्हातारी विठाबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "बया बारीक असल्यापासनंच तशी हाय." मी मान खाली घालून पुढे गेलो.

गाऱ्हाणे विचारतेस. ते असे होते: "आई, स्थळ घरंदाज आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, धरणाच्या ऑफिसात आहे, कार्य निर्विघ्न पार पडेल ना? होय तर उजवं दे." एवढेच. यात शालनचे नाव आले नाही ही गोष्ट खरी आहे. ज्ञानू गुरवाने मला तेव्हा विचारलेही होते, "मुलीचं काय सांगू?" मी म्हणालो, "मुलगी आपलीच आहे."

मी अकरा तारखेचे येणे रद्द केले आहे, ते तुझ्या भीतीने नव्हे. ज्ञानूचे म्हणणे असे पडले की कौलावर घरच्याच माणसाने शंका घेतली तर तो तसाच ठेवता येत नाही. देवीला पुन्हा विचारावे लागते. नाही विचारले तर पुढे मुलाबाळांना बाधते. पावण्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, "तुमच्याकडं देवीचं पण दोनदा असतं व्हय?" 

तरी २० तारखेच्या मंगळवारी पुन्हा कौल लावायचा ठरला आहे. शंका घेणाऱ्याने समोर हजर राहिले पाहिजे अशी रीत आहे. तू सोमवारी मुक्कामाला ये. न आल्यास पहिला कौल कायम धरू. मग मात्र मी कोणाचे ऐकणार नाही.

तुझा,
कृष्णात

—

गंगावेस, कोल्हापूर
१६ डिसेंबर १९७७

कृष्णाता,

मला येता येत न्हाई. थोरली म्हैस आज-उद्या व्यायची हाय आणि तिला माझ्याशिवाय कुणी जवळ आलेलं चालत न्हाई. राज्याला म्हैस टाकून जाता येत न्हाई.

पण म्हणून पयला कौल कायम होत न्हाई. तुझ्या दाजींची शेजारच्या भिंतीवरनं केस अकरा वर्सं चालली, शेवटी भिंत आपली आपण पडली आणि केस मिटली. त्या अनुभवावर ते सांगत्यात, माणूस हजर नसला तरी त्याचं लेखी म्हणणं चालतं. सोबत दुसरा कागद जोडलाय. तो ज्ञानू गुरवानं देवीपुढं मोठ्यानं वाचायचा. मधलं काय गाळायचं न्हाई. तू तर हातच लावायचा न्हाई.

आणि त्या पोराचं, वसंताचं, म्हणणं कुणी घेतलंय का? नसंल तर तेबी घ्या. मागनं त्याची तक्रार नको.

कागद असा हाय:

"आई, मी बयाबाई, तुझ्या गावची लेक, हल्ली मुक्काम गंगावेस. माझ्या भावानं तुला अर्धंच सांगितलं. ऱ्हायलेलं मी सांगते. पोरीचं नाव शालन. वय एकोणीस. सकाळी पाचला उठती, धार काढत काढत पाठ करती, म्हशींना पण आता निम्मं पाठ झालं असंल. शेण काढायला कुरकुरती पण काढती. तिला लग्न नकोच असं काय न्हाई. तिला वकील व्हायचं हाय. हे तिनं बापाला सांगितलेलं न्हाई. मला बी न्हाई. वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिवलेलं, ते मी ती कॉलेजात गेल्यावर वाचलं. तिला न विचारता वाचलं हा माझा गुन्हा हाय, आणि तो निबंधात घालायला मी तिला सांगितलंय.

पोरगा चांगला असंल. मी त्याला नाव ठेवत न्हाई. पण तुला विचारायचं ते हे. ही पोर बी. ए. पुरं करूपर्यंत माझ्याकडं ऱ्हाऊ दे का? व्हय तर उजवं दे, न्हाई तर डावं दे.

आणखी एक, आई. मी तिच्यावर वरडते, ती माझे गुन्हे लिवती, मी ते वाचते आणि परत वरडते. असं आमचं चाललंय. पण ह्या वयात मी कुणाचं ऐकून घ्यायला लागले ते तिच्यामुळं. ती गेली तर माझं परत पयल्यागत होईल. दाजींचं तर बघायलाच नको. एवढं ध्यानात घे."

संपलं. ज्ञानूला म्हणावं सावकाश वाच, तो शेवटचे शब्द खातो.

बयाबाई

—

४ जानेवारी १९७८

तीर्थरूप आक्का,

पंधरा दिवस पत्र लिहिले नाही कारण काय लिहावे हेच समजत नव्हते. आता क्रमाने सांगतो.

वीस तारखेला ज्ञानूने तुझा कागद वाचला. देवळात माणूस मावत नव्हता. वाचून झाल्यावर त्याने पाकळ्या लावल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. उजवी पडेना, डावी पडेना. ऊन डोक्यावर आले. ज्ञानू म्हणाला, "निकाल राखून ठेवलाय." हा शब्द त्याला कोणी शिकवला मला ठाऊक नाही. सत्तावीस तारखेला पुन्हा लावला, पुन्हा तसेच. पाकळ्या वाळून देवीला चिकटून बसल्या, त्या पाण्याने सोडवाव्या लागल्या.

मधल्या काळात गाव बिघडले. पांडू बोंगाळेने कागद आणला की बारा वर्षांपूर्वीचा बांधाचा कौल एकतर्फी होता, तो पुन्हा लावावा. विठाबाईने सुनेविरुद्ध कागद दिला, सुनेने विठाबाईविरुद्ध दिला, आणि दोन्ही कागद शाळेच्या एकाच मास्तराने लिहून दिले होते. मंगळवारी देवळाची रांग विहिरीपर्यंत जाते. ज्ञानूला माझाच चष्मा लागतो, त्यामुळे मला सकाळपासून तिथेच बसावे लागते. त्याने आता जाहीर केले आहे की म्हणणे एका पानात असावे.

काल तिसऱ्यांदा कौल होता. ज्ञानू पाकळ्या लावणार एवढ्यात वसंत सायकलवरून आला. पावणे, म्हणजे त्याचे वडील, समोर बसलेले, त्यांना काही माहीत नव्हते. मी तुझ्या सांगण्यावरून त्याला एक कार्ड टाकले होते. वाटले होते, उत्तर यायचे नाही. त्याने ऑफिसच्या टाइपरायटरवर तीन प्रती काढून आणल्या होत्या. एक देवीस, एक वडिलांस माहितीसाठी, एक मला. विषय, विवाहाबाबत म्हणणे सादर करणे. त्यात लिहिले होते की तो अद्याप नोकरीत कायम झालेला नाही, राहायला खोली नाही, त्यालाही या बाबतीत कोणी विचारलेले नव्हते, तरी कायम होईपर्यंत मुदत मिळावी ही विनंती. खाली सही आणि तारीख.

ज्ञानूने दोन्ही कागद देवीपुढे ठेवले, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घालायला तोंड उघडले, तेवढ्यात दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. ज्ञानू खालीच बसला. मग म्हणाला, "आई म्हणतीया, तुमचं तुम्ही बघा." पावणे उठले, मुलाच्या सायकलवर मागे बसले आणि दोघे गेले. आठ तारखेचा मुहूर्त गेला. दहाला पौष लागतो.

आक्का, शालनला वकील व्हायचे आहे हे मला सगळ्या गावाबरोबर ऐकावे लागले. ज्ञानू वाचत होता आणि मी हात जोडून उभा होतो. मला आधी का सांगितले नाही? आता फाल्गुनात शिरोळकडचे एक स्थळ येईल असे म्हणतात. तेव्हा बघू. माझे अजून काही ठरलेले नाही.

कृष्णात

—

गंगावेस, कोल्हापूर
९ जानेवारी १९७८

कृष्णाता,

आधी का सांगितलं न्हाई म्हणून विचारतोस. तू कधी विचारलंस? ज्ञानूनं विचारलं मुलीचं काय सांगू, तर तू म्हणलास मुलगी आपलीच हाय. आपल्याच माणसाला आपण विचारत न्हाई, तिथंच सगळं बिघडतं. मी बी तीस वर्सं दाजींना काय विचारलं न्हाई. आता विचारलं तर कळलं त्यांना साय आवडती. सरळ वाटीत घालून दिली तर खाईनात. म्हणत्यात, चोरून खाल्ल्यासारखी लागत न्हाई.

म्हैस व्याली. रेडी झाली. दाजींनी तिचं नाव तारीख ठेवलंय.

शालनचा निबंध पयला आला. देशिंगकर सर सांगायला सोता घरी आले. मी दार उघडलं तर दोन पावलं मागं सरले. मी म्हणलं, भिऊ नका, आत या, च्या घ्या. ते निम्मं बसून च्या प्याले आणि म्हणले, "बाई, निबंध फार चांगला झालाय, विशेषतः राज्याचा भाग." माझे जुलूम एकोणीस हुते. वहीचा धरून वीस झाले. शालन एक-दोन गाळू का म्हणत हुती. मी म्हणलं, एक जरी गाळलास तर एकविसावा घालायची पाळी येईल. शेवटाला तिनं लिवलंय, "हे राज्य तापट आहे, पण सुधारणेस वाव आहे." ते मी तिच्याकडनं तीनदा वाचून घेतलं. शेण परत कुरकुरत काढती. बरं वाटतं.

आता कामाचं. वसंताला माझा निरोप दे, पोरगा शहाणा हाय, कायम झाला की च्याला ये म्हणावं, नुसतं च्याला. शिरोळचं स्थळ मला सांगू नको, आणि परत देवीला त्रास देऊ नको. तिनं तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलंय. बघणारी माणसं दोनच, तू आणि मी. पोरीचं म्हणणं तू देवळात ऐकलंसच. प्रश्न एकच हाय, शालन तिसरं वर्स पुरं करूपर्यंत हिथं ऱ्हाणार का न्हाई. वकिलीचं मागनं बघू.

माझ्या मनात काय हाय तुला ठाव हाय. मला वाटलं असतं तर मी नुसतं दार लावून बसले असते. पण मी राज्य हाय, मला मनमानी करता येत न्हाई, तुझं बी ऐकून घ्यावं लागतं. म्हणून विचारतेय. सव्वीस तारखेला हॉलात दाजींच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितलीय. चष्मा आठवणीनं आण, ज्ञानूकडं ठेवून येऊ नको. पण त्याच्या आधी तुझं उत्तर पायजे. लेखी पायजे, एका पानात पायजे, खाली तुझी सही पायजे.

वीस जानेवारी, शुक्रवार, दुपारच्या टपालापर्यंत वाट बघीन. तवर न्हाई आलं तर उजवी पडली असं समजीन.

आक्का